दीड व्होल्टवाला कुलदीप

सिहोऱ्याच्या चौकात उतरून कुणालाही कुलदीपचं दुकान विचारा, समोरचा माणूस आधी उलट विचारेल, "कोनता कुलदीप? व्होल्टेजवाला का?" हे नाव कुलदीपला आवडत नाही. आवडत नाही म्हणूनच ते टिकलं आहे.

दुकानाच्या पाटीवर 'रक्षा मिक्सिंग सेंटर' असं लिहिलेलं आहे. रक्षा ही त्याची बायको. लग्नाचं शूटिंग करायचं, ते कापायचं, जोडायचं, त्यावर गाणी चढवायची आणि शेवटी नवरदेव-नवरीला कमळाच्या फुलातून बाहेर काढायचं, असा हा धंदा. बाप टिकाराम गावच्या तलावात मासे धरतो आणि शिंगाडे लावतो. पोरानं पाण्यात उतरायचं सोडून पडद्यासमोर बसायला सुरुवात केली याचं टिकारामला वाईट वाटलं नाही. फक्त पडद्यातून मासोळी निघत नाही एवढं तो अधूनमधून ऐकवतो.

कुलदीपचा आणि व्होल्टेजचा संबंध तसा लहानपणापासूनचा. घरात टीव्ही आला तेव्हा सोबत एक स्टॅबिलायझर आला होता, लोखंडी डब्ब्याचा, समोर गोल खटका असलेला. उन्हाळी धानाला पाणी सुरू झालं की शिवारातले सगळे पंप एकदम चालायचे आणि गावातली लाईन डीम व्हायची. टीव्हीतलं चित्र चारी बाजूंनी आक्रसायचं. मग सगळं घर एका सुरात ओरडायचं, "कुलदीप, वाढव." कुलदीप खटका एक घर पुढे करायचा आणि हिरोचं डोकं परत जागेवर यायचं. घरात कुणी काही म्हणो, पण सिनेमा त्याच्या हातानं चालतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माणूस पुढे मोठा होतो, बोटं मात्र तिथंच राहतात. कुलदीपच्या बोटांना चित्र अडखळलं की व्होल्टेज वाढवायची सवय लागली ती लागलीच.

पुढे मिक्सिंगसाठी चांगली मशीन घेतली. मशीन म्हणजे कॉम्प्युटर, आमच्याकडे कमाई करून देणाऱ्या कोणत्याही वस्तूला मशीनच म्हणतात. त्यानं मोबाईलवर व्हिडिओ पाहून ओव्हरक्लॉकिंग शिकून घेतलं. कंपनीनं प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलेला असतो, त्यापेक्षा जास्त वेगानं त्याला पळवायचं, आणि पळताना तो अडखळायला लागला तर त्याला थोडं जास्त व्होल्टेज द्यायचं, एवढाच तो प्रकार. मशीन चालू होताना एक बटन दाबलं की निळी सेटिंग उघडते, तिथं हे आकडे भरता येतात. व्हिडिओतला माणूस सांगत होता, सव्वा व्होल्टच्या आसपास राहा, फार वर जाऊ नका.

कुलदीपनं ऐकलं आणि त्यात सिहोऱ्याचा हिशेब मिळवला. तो माणूस कुठल्या मोठ्या शहरात बसलेला, त्याची लाईन फुल. आपल्या इथं लाईनच डीम, तर आत पोहोचणार काय? म्हणून त्यानं सरळ दीड व्होल्ट भरले. मशीन अशी पळाली की त्यानं रक्षाला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं.

तेव्हापासून रीत पडली. नवी मशीन असो की जुन्या मशीनमध्ये नवा भाग टाकलेला असो, आधी अगरबत्ती, मग नारळ, मग निळी सेटिंग उघडून दीड व्होल्ट. शेवटच्या या कामाला कुलदीप 'घुटी' म्हणायचा. जन्मलेल्या लेकराला घुटी देतात तशी. घुटी दिल्याशिवाय त्याच्या दुकानात मशीननं एकही नवरी पाहिली नाही.

मशीन मात्र मरायला लागल्या.

पहिल्यांदा मेली ती चार लोकांत मेली. दिवाळी आटोपली की या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. ऊस, शिंगाडे, पाळणे, पाहुणे, आणि दुपारी मैदानात खडी गंमत, म्हणजे इकडचा उभ्यानं चालणारा तमाशा. त्यातही दोन शाहीर समोरासमोर उभे राहून एकमेकांना गाण्यातून सवाल टाकतात तेव्हा माणसं जेवण सोडून येतात. गेल्या वर्षी कुलदीपनं मंडई समितीचे अध्यक्ष मारोतराव यांना पटवून हा सगळा कार्यक्रम मोबाईलवर लाइव्ह दाखवायचं काम घेतलं. पुणे, सुरत, हैदराबाद, जिथं जिथं गावची पोरं पोटासाठी गेली होती तिथं तिथं ती मोबाईल धरून बसली. दोन कॅमेरे, मधे मशीन. पहिल्या शाहिरानं सवाल टाकला. दुसऱ्यानं डफावर थाप मारून तोंड उघडलं. आणि कुलदीपचा पडदा काळा झाला तो झालाच.

मारोतरावांची लेक मेघा पुण्यात असते. तिनं रात्र व्हायच्या आधी बापाला फोन केला, "बाबा, उत्तर काय होतं?" मारोतराव त्या वेळी स्टेजवर पाहुण्यांना शेले-नारळ देत होते, त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. ज्यांनी ऐकलं होतं ते प्रत्येक जण वेगळं सांगत होते. वर्षभर मेघा फोनवर आधी तब्येत विचारायची आणि मग उत्तर विचारायची.

"लाईनचं काम आहे अध्यक्षसाहेब," कुलदीप म्हणाला. "मंडईत पाळणे लागले, लाईन डीम झाली, मशीन खाऊन टाकली."

हे गावाला पटलं. गावाला लाईनचं कोणतंही वाईट लगेच पटतं. लाईनमन भैय्यालाल खांबावर होता, तिथून तो म्हणाला, "काहून बे, माही लाईन खाते का मशीन? गावात एवढे फ्रीज आहेत, ते कायले नाही खात?" पण खांबावरच्या माणसाचं कोण ऐकतं.

मशीनचा प्रोसेसर गेलेला निघाला. नवा टाकला, नारळ फोडला, घुटी दिली. काही आठवडे झकास चाललं. मग मधेच अडकायला लागलं, नवरदेव घोड्यावर चढता चढता थिजायचा. कुलदीपनं चित्र अडखळताना पाहिलं आणि बोटांनी आपलं काम केलं, सेटिंगमध्ये व्होल्टेज एक घर वाढवलं. नवरदेव घोड्यावर चढला. पुन्हा काही दिवसांनी वरातीत अडकला, पुन्हा एक घर. मग एका दुपारी मशीनमधून पंख्याचा नुसता आवाज येत राहिला आणि पडद्यावर काहीच आलं नाही.

कुलदीपनं मग एकेक बदलायचा सपाटा लावला. विजेचा डब्बा, म्हणजे ज्याला एसएमपीएस म्हणतात तो बदलला. मेली. मदरबोर्ड बदलला. मेली. मोठा यूपीएस आणला, जमिनीत खड्डा खणून मीठ-कोळसा टाकून नवीन अर्थिंग केलं, त्यात रोज बालटीभर पाणी टाकायचं काम रक्षाकडे दिलं. मेली. नागपूरचा दुकानदार वॉरंटीत प्रोसेसर बदलून देता देता एकदा म्हणाला, "भाऊ, तुमच्या गावात विजा जास्त पडतात का?"

टिकारामनं वेगळं निदान केलं. "त्या मशीनले गावच मानवत नसंल," तो जाळं विणता विणता म्हणाला. "तलावात नाही का, काही मासोळ्या सोडल्या तरी जगत नाही."

इतक्यात मारोतरावांचा निरोप आला. यंदाच्या मंडईचं काम कुलदीपलाच, पण तुमसरच्या ताराचंदलाही लॅपटॉप घेऊन बोलावून ठेवलं आहे, म्हणजे वेळेवर फजिती नको. ताराचंद हा कुलदीपचा धंद्यातला भाऊबंद. त्याच्या कमळाच्या फुलाला जास्त पाकळ्या असतात. मंडईत तो बसला की पुढची लग्नंही तिकडेच बसणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. यंदा भर मंडईत मशीन मेली असती तर पाटी खाली उतरली असती, आणि कुलदीपला तलावावर जाळं धरावं लागलं असतं. त्यातही पंचाईत अशी की त्याला पोहता येत नाही.

मग बापाचं बोलणं त्यानं मनावर घेतलं. मशीनला गाव मानवत नाही ना, तर गाव बदलू. पोळा झाल्याबरोबर मशीन मांडीवर घेऊन तो एसटीनं भंडाऱ्याला गेला. तिथं त्याची मोठी बहीण राखी राहते. तिच्याकडे लाईन अशी की बल्ब कधी डोळा मिचकावत नाही, वर घरात इन्व्हर्टर. कुलदीपनं तिच्या पुढच्या खोलीत मशीन मांडली, नारळ फोडला, घुटी दिली आणि लग्नांची राहिलेली कामं सुरू केली. राखीला आनंद झाला. भाऊ इतके दिवस राहिला असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं होतं. नवरात्र बसायच्या आधी मात्र भाऊ खोलीतून बाहेर येऊन नुसता दारात उभा राहिला.

"का झालं बाबू?" राखीनं विचारलं.

"बाई, मेली."

"इथं तर लाईन चांगली आहे ना रे?"

"तेच तर म्हनतो मी."

मेलेली मशीन मांडीवर घेऊन तो परत आला. घरी रक्षा अंगणात चुलीवर शिंगाडे उकडत होती. कुलदीप खाटेवर बसला आणि त्यानं सगळा पाढा वाचला. डब्बा बदलला, बोर्ड बदलला, प्रोसेसर बदलले, अर्थिंग नवीन केलं, आता गावसुद्धा बदलून पाहिलं.

रक्षानं झाकण काढून वाफ जाऊ दिली. "सारं बदललं म्हनता ना तुमी."

"सारं."

"एक राहिलं."

"कोनतं?"

"तुमी," रक्षा म्हणाली. "सिहोऱ्यात मेली तेव्हा तिच्याजवळ तुमी होते, अन् भंडाऱ्यात मेली तेव्हाई तुमीच होते. मायी त हिंमत नाही बाप्पा मशीन व्हायची तुमच्या घरी."

टिकाराम जाळ्यामागे हसला. कुलदीपला राग आला आणि तो राग घेऊन तो तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर जाऊन बसला. रागावलेला माणूस तिथं बसला की बगळेही जरा दूर सरकतात. पण राग उतरायला लागला तसं रक्षाचं बोलणं गमतीचं वाटेना. खरंच, सगळीकडे मी होतो. बरं, मी होतो म्हणजे मी केलं काय? अगरबत्ती लावली. अगरबत्तीनं प्रोसेसर मरत नाही. नारळ फोडला, तोही मशीनवर नाही, उंबरठ्यावर. आणि घुटी दिली.

घुटीपाशी येऊन त्याचं मन थांबलं. आजवर त्यानं बदललेल्या गोष्टींमध्ये घुटी कधी आलीच नव्हती. ती त्याच्या लेखी बदल नव्हती, रीत होती. आणि रीतीवर कोण संशय घेतो? चोर शोधायला घरातली सगळी भांडी पालथी घालावी आणि देवघरात मात्र पाहू नये, तसं झालं होतं.

नागपूरहून नवा प्रोसेसर आला त्या दिवशी त्यानं रक्षाला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाटेवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

"तू चालू कर," तो म्हणाला. "नारळ फोड, बटन दाब, अन् निळ्या सेटिंगमधी जाऊ नको."

"मले ते येतच नाही."

"तेच पाह्यजे."

मशीन सुरू झाली. पहिल्यांदा जाणवली ती शांतता. आजवर कुलदीपची मशीन चालू झाली की धानाचं थ्रेशर अंगणात आल्यासारखं वाटायचं, आता पंखा ऐकायला कान लावावा लागत होता. टिकाराम आतून ओरडला, "मेली का रे?"

"चालू आहे बाबा."

"आवाज नाही येऊन रायला."

"चालू आहे म्हनतो ना."

एक अख्खं लग्न, साखरपुड्यापासून पाठवणीपर्यंत, त्या मशीननं न अडखळता तयार केलं. वेळ जास्त लागला, पण किती? मधल्या वेळात रक्षानं चहा केला आणि कुलदीपचा तो पिऊन झाला, तेवढा. एवढ्या चहाच्या फरकासाठी त्यानं वर्षभर मशीन जाळल्या होत्या. हे मनाला लागलं, पण चहा चांगला झाला होता.

तेवढ्यावर तो थांबला नाही. खाटेखाली पडलेला जुना एसएमपीएस त्यानं काढला. हा एक आरोपी. जोडला, मशीन चालली. जुना मदरबोर्ड काढला, त्यावरची धूळ फुंकली, तोही चालला. यूपीएस बाजूला काढला. संध्याकाळी पंप सुरू झाले, दुकानातला बल्ब पिवळा पडला, मशीनला पत्ताही नव्हता. सगळे निर्दोष सुटले.

मशीनमध्ये एक छोटा प्रोग्राम टाकून त्यानं आतलं व्होल्टेज पाहिलं. आकडा सव्वाच्या आसपास आपोआप खालीवर होत होता. काम वाढलं की थोडा वर, काम संपलं की खाली. प्रोसेसर स्वतःच मागत होता आणि हवं तेवढंच घेत होता. बाहेरची लाईन कशीही असो, एसएमपीएस तिला अडवून आत ठरलेलंच सोडतो. सिहोऱ्याची लाईन डीम आहे ही बातमी प्रोसेसरपर्यंत कधी पोहोचतच नव्हती. कुलदीप मात्र त्याला भुकेला समजून कोंबत राहिला होता. कोंबल्यामुळे तो आतून भाजला, भाजल्यामुळे अडखळला, अडखळला म्हणून आणखी कोंबलं.

बापाला हे समजवायला त्याला तलावापर्यंत जावं लागलं. तलावाच्या पाळीत बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला पाणी सोडायचं दार असतं, त्याला तुडूम म्हणतात.

"बाबा, तलावात पानी कितीक का असेना," कुलदीप म्हणाला, "बांधीले पाह्यजे तेवढंच तुडुमातून सोडतो ना आपन?"

"मंग का करतो?"

"मी तलाव आटला म्हनून बांधीत टँकर खाली करून रायलो होतो."

टिकारामनं थोडा विचार केला. "धान सडलं असंल."

"सडलं."

"तुह्या बायकोनं सांगतलं होतं तुले," बाप म्हणाला आणि डोंगा पाण्यात लोटला.

मंडईचा दिवस उजाडला. मैदानावर पाळणे उभे राहिले, उसाच्या मोळ्या टेकल्या. टिकारामनं शिंगाड्यांचा ढीग मांडला. कुलदीपनं मांडवाच्या कोपऱ्यात टेबल लावलं, दोन कॅमेरे जोडले. नारळ रक्षानं फोडला आणि ती त्याच्या शेजारीच खुर्ची टाकून बसली. तिच्या भाषेत हे मदतीला बसणं होतं. ताराचंद पलीकडे लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसला, डॉक्टरच्या दारात पेशंटचे नातेवाईक बसतात तसा.

"कशी आहे तब्येत?" ताराचंदनं मशीनकडे पाहून विचारलं.

"खाऊन-पिऊन बरी आहे."

"आवाज नाही येत."

"शिकली आता ती," कुलदीप म्हणाला.

दुपार चढली. खडी गंमत रंगात आली, मोबाईलवर पाहणाऱ्यांचा आकडा वाढत गेला. पाळणे गच्च भरून फिरायला लागले आणि मांडवातले दिवे पिवळे पडले. अगदी त्याच वेळी पहिला शाहीर पुढे आला. त्यानं कानावर हात ठेवून गेल्या वर्षीचाच सवाल टाकला. गेल्या वर्षी बाहेरगावच्या लोकांचा सवाल अर्धा राहिला, म्हणून मुद्दाम. मैदान हसलं आणि मग गप्प झालं.

लाइव्ह कसं दिसतं ते पाहायला टेबलावर ठेवलेल्या कुलदीपच्या मोबाईलवर चित्र अडखळलं.

एक झटका. मग आणखी एक. शाहिराचा हात कानाकडे जाता जाता वाटेत थांबला. मारोतरावांनी हातातल्या मोबाईलवर ते पाहिलं आणि स्टेजवरून थेट माईकमध्ये बोलले, "कुलदीप, वाढव." मागून दोन-चार जण ओरडले, "वाढव ना बे, व्होल्टेज वाढव." ताराचंदनं बॅगची चेन अर्धी उघडली.

कुलदीपची बोटं उठली. इतक्या वर्षांची बोटं ती, त्यांना कुणी विचारत नाही. मशीन बंद करून परत चालू करायची, निळी सेटिंग उघडायची, एक घर पुढे. रक्षानं कीबोर्ड उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला.

"आधी पाहा तरी," ती म्हणाली.

त्यानं पाहिलं. प्रोसेसर सव्वावर होता, थंड होता, निम्मं कामही करत नव्हता. मशीनच्या पडद्यावर शाहीर सरळ चालत होता. अडखळत होतं ते फक्त मोबाईलवर जाणारं चित्र. मैदानातले सगळेच जण आपापल्या मोबाईलवरून बाहेरगावच्या नातेवाइकांना मंडई दाखवत होते आणि टॉवरचा जीव जात होता. यात व्होल्टेजचा काही संबंध नव्हता.

"कीबोर्ड दे," तो म्हणाला.

"कायले?"

"चित्र हलकं करतो. कमी साफ दिसंल, पन जाईल."

रक्षानं त्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि कीबोर्ड दिला. कुलदीपनं जाणाऱ्या चित्राची क्वालिटी उतरवली. वाढवायचा काहीच प्रश्न नव्हता, चक्क उतरवली. शाहिराचा चेहरा जरा धुरकट झाला, मिशी आणि ओठ एकत्र झाले, पण हात कानावर पोहोचला आणि चाल सलग झाली. दुसऱ्या शाहिरानं डफावर थाप मारली, तोंड उघडलं आणि उत्तर दिलं. सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत.

उत्तर तसं काही विशेष नव्हतं. पण वर्षभर अडकलेलं होतं म्हणून मैदानात अशी आरोळी उठली की पाळण्यातली माणसं खाली पाहायला लागली. पडद्याखाली सुरत, पुणे, हैदराबादहून ओळी येत गेल्या. मारोतरावांचा फोन वाजला. त्यांनी तो माईकसमोरच उचलला आणि सगळ्या मंडईनं मेघाचा आवाज ऐकला, "बाबा, समजलं उत्तर. आता तब्येत सांगा."

कार्यक्रम उन्हं उतरेपर्यंत चालला आणि मशीन शेवटच्या नमस्कारापर्यंत चालली. खांबाजवळ उभ्या असलेल्या भैय्यालालला कुलदीपनं हाक मारून चहा पाजला, कारण काही सांगितलं नाही. भैय्यालालनंही विचारलं नाही, वरून एक भजं मागून घेतलं. मारोतरावांनी पुढच्या मंडईचा नारळ तिथंच कुलदीपच्या हातात ठेवला, म्हणजे काम पक्कं.

ताराचंदनं बॅगची चेन लावली. त्याच्यासमोर शिंगाड्यांच्या सालांचा चांगलाच ढीग जमला होता. उठता उठता तो कुलदीपजवळ वाकला.

"खरं सांग भाऊ, सेटिंग कोनती ठेवली?"

"काहीच नाही."

"सांगाचं नसंल त नको सांगू."

"अरे बाप्पा, खरंच काहीच नाही. हात नाही लावला."

ताराचंदला ते पटलं नाही. सिहोऱ्यातही कुणाला पटत नाही. कुलदीपकडे काहीतरी गुपित व्होल्टेज आहे असंच लोक मानतात, आणि कुलदीप ते नाकारतो तेव्हा जरा जास्तच जोरात नाकारतो, म्हणजे त्यांचा विश्वास वाढतो. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे त्यानं काहीच केलं नाही हा आहे, आणि तो तरी सांगून सांगून किती सांगणार. तरी तो सांगतोच. चौकात, पानठेल्यावर, वरातीत, आणि तलावाच्या पाळीवर बगळ्यांनाही.

दुकानात आता नवी मशीन आली की अगरबत्ती लागते, नारळ फुटतो, आणि मशीन निळी सेटिंग न उघडता चालू होऊन पहिली नवरी पडद्यावर येईपर्यंत कुलदीप खाटेवर हात मांडीखाली घेऊन बसतो. कीबोर्ड तोवर रक्षाच्या मांडीवर असतो.